कानामागची चकती

नमनाला घडाभर तेल जाळायचं म्हणजे काय, ते बघायला आमच्या अभ्यासिकेत यायला हवं होतं. मी स्वतः चार रंगांच्या पेनांनी वेळापत्रक आखण्यात इतकी तरबेज होते, की ते भिंतीवर चिकटेपर्यंत त्यातला पहिला आठवडा उलटून गेलेला असायचा. मग काय, नवीन वेळापत्रक! आमच्याकडे अभ्यास नेहमी सोमवारी सुरू व्हायचा आणि नेमका सोमवारीच कुणाचा तरी वाढदिवस निघायचा. त्यात अभ्यासिका सांगलीत, भडंगवाल्याच्या दुकानावर. खालून लसूण तळल्याचा वास आला की पुस्तक मिटायला कारण शोधावं लागत नसे.

मी तृप्ती शिरतोडे. गाव जतकडे. राज्यसेवेची परीक्षा द्यायची म्हणून आले होते आणि दोनदा पूर्वपरीक्षेतच आपटले होते. माझ्या खोलीत वैजूताई राहायची, म्हणजे वैजयंता लेंगरे. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी. घटनेतलं कुठलंही कलम झोपेतून उठवून विचारा, घडाघडा सांगणार. रोज संध्याकाळी आम्ही आयर्विन पुलावर फिरायला जायचो. ती मला प्रश्न विचारायची, मी तिला. माझं उत्तर चुकलं की ती कपाळाला हात लावायची. "तृपे, तू प्रांत झालीस की त्या तालुक्याचं काय होणार गं!"

आणि या बाईनं आजवर एकही पेपर दिलेला नव्हता.

हे मला तिनं त्या पुलावरच सांगितलं, कठड्याला टेकून, पाण्याकडे बघत. दरवर्षी अर्ज भरायचा, हॉलतिकीट काढायचं, परीक्षेच्या सकाळी अंघोळ करून, दही-साखर खाऊन केंद्रापर्यंत जायचं आणि गेट दिसलं की मागे फिरायचं. गावाकडे वाटायचं, पोरगी नापास होते. ती तसंच वाटू द्यायची.

"अगं पण का?" मी विचारलं.

"पेपर दिलाच नाही तर मला नापास कोण करणार?" ती हसली. पण ते हसू काही खरं नव्हतं. "पुढच्या वर्षी देऊ, पुढच्या वर्षी देऊ करत आले बघ. यंदा मात्र शेवटचं. यानंतर वयात बसत नाही मी."

"मग यंदा मी तुला हात धरून आत नेणार. नाही आलीस तर फरफटत नेईन."

"शब्द?"

"शब्द!" मी तिच्या हातावर टाळी दिली. तिचा हात गार पडला होता.

*

त्याच महिन्यात डॉ. रेणुका पाटसकर अभ्यासिकेत आल्या. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत मेंदूवर काम करायच्या. त्यांना एका नव्या उपकरणाच्या चाचणीसाठी परीक्षेची तयारी करणारी मुलं हवी होती, म्हणजे आमच्यासारखी, चालढकलीत पदवी घेतलेली.

"बाई, मला काही उपकरण-बिपकरण नको," मी म्हणाले. "मी आळशी आहे. माझ्या घरी कुणालाही विचारा."

"आळशी माणसाला पडून राहिलं की बरं वाटतं," त्या म्हणाल्या. "तुला वाटतं का बरं?"

छे! बरं कसलं? मोबाईल बघत लोळताना राहिलेली प्रकरणं डोळ्यांपुढे नाचत असायची. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि आम्हा सगळ्यांना समजावून सांगितलं. पुस्तक उघडलं की आत एक टोचणी उठते. जमेल का, राहून गेलं तर, लोक काय म्हणतील. माणूस पुस्तकापासून पळत नाही, त्या टोचणीपासून पळतो. मोबाईल हातात घेतला की ती क्षणभर शमते, आणि मेंदूला ते शमणं गोड लागतं. म्हणून तो पुन्हा पळतो. मग पळाल्याबद्दल अपराधी वाटतं, ही झाली दुसरी टोचणी. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडताना दोन्ही मिळून टोचतात. हा प्रश्न वेळेच्या नियोजनाचा नाहीच, त्या म्हणाल्या, भावनेचा आहे.

मग त्यांनी नखाएवढी एक चकती दाखवली. ती कानामागे चिकटवायची. तिथून मज्जातंतूची एक बारीक फांदी जाते. चकती त्या फांदीवरून हलकी स्पंदनं पाठवत राहते, आणि आतून उठलेली टोचणी मेंदूत जिथं 'नको वाटतंय' म्हणून उमटते, तिथवर पोचतच नाही. स्मरणशक्तीला धक्का नाही, झोप येत नाही, गुंगी येत नाही.

"बाई," वैजूताईनं मागून विचारलं, "अडवलेली टोचणी जाते कुठं मग?"

"झोपेत जिरून जात असावी, असा आमचा अंदाज आहे."

"अंदाज?"

"म्हणून तर चाचणी," डॉक्टर हसून म्हणाल्या.

वैजूताईला लहानपणी फिट यायच्या, म्हणून तिला चकती मिळाली नाही. अख्ख्या अभ्यासिकेत एकटी तीच राहिली.

*

काय सांगू, जादूच झाली! मी पुस्तक उघडलं आणि ते नुसतं पुस्तकच निघालं. त्यातून काही चावायला आलं नाही. अर्थशास्त्र, ज्याचं नाव काढलं की मला झोप यायची, ते मी शेंगा सोलाव्यात तसं सोलत गेले. सराव परीक्षेत मार्क कमी पडले तरी वाईट वाटेना. चूक बघायची, दुरुस्त करायची, पुढचं पान. भडंगवाला एक दिवस वर येऊन विचारून गेला, "काय पोरीहो, संप केलाय का? कुणी खालीच उतरंना!"

आईचा फोन यायचा तेव्हा मी 'नंतर करते' म्हणायचे. आधीही तेच म्हणायचे म्हणा. पण आधी दिवसभर मनात खटकत राहायचं आणि शेवटी मी तिला फोन लावायचेच. आता खटकेना, त्यामुळे लावायचंही राहू लागलं. आई रागावली नाही. ती म्हणाली, "अभ्यास करतीयास न्हवं? मग कर बाई."

पुलावर जाणंही सुटलं. वैजूताई चप्पल घालून दारात उभी राहायची. मी म्हणायचे, "तू हो पुढं, माझं हे प्रकरण संपतंय." ते संपलं की दुसरं सुरू. काही दिवस ती एकटी जाऊन आली. मग तिनंही जाणं सोडलं आणि पुस्तक समोर धरून एकाच पानावर बसू लागली. मला ते दिसायचं. एखादं मांजर बसलेलं दिसावं, तेवढंच दिसायचं.

एकदा तिनं विचारलं, "तृपे, शब्द लक्षात आहे ना?"

"आहे की," मी मान वर न करता म्हणाले. लक्षात होताच. सांगितलं ना, स्मरणशक्तीला धक्का नव्हता.

*

पूर्वपरीक्षेच्या सकाळी वैजूताईनं दोन वाट्यांत दही-साखर काढून ठेवली होती. मी माझी वाटी संपवली. ती न्हाणीघरात गेली ती बाहेर येईना. नळ नुसता वाहत होता. मी दार वाजवलं. आतून आवाज आला, "आले, आले गं. थांब."

आम्हा दोघींचं केंद्र मिरजेला होतं, एका शाळेत. हल्ली गेटावर माणूस नसतो. यंत्र चेहरा बघून आत घेतं आणि ठरल्या वेळी गेट आपोआप लागतं. मग तुम्ही छाती पिटा नाही तर पाया पडा. उशीर नको, एवढाच माझ्या डोक्यात हिशेब होता. मी ओरडून सांगितलं, "मी पुढं होते, तू ये मागून!"

आतला नळ बंद झाला. मी रिक्षा केली.

केंद्रावर रांगेत माझा नंबर यायला थोडा वेळ लागला. गेटाच्या आत पाय टाकण्याआधी मी सहज मागे वळून बघितलं, तर रस्त्याच्या पलीकडे, रसाच्या गाड्याशेजारी वैजूताई उभी. आली होती ती! एकटी आली होती. निळी साडी नेसली होती, हातात हॉलतिकीट धरलं होतं आणि पाय जमिनीत रुतल्यासारखी उभी होती. तिनं मला बघितलं. हात थोडासा वर केला, अर्धाच.

मला ती स्पष्ट दिसली. तिचे ओठ पांढरे पडलेले दिसले. वेळ होता. रस्ता काही रुंद नव्हता, मध्ये एक बस येऊन गेली एवढंच. 'येईल ती,' मी मनात म्हटलं आणि आत गेले.

पेपर अप्रतिम गेला.

परत आले तेव्हा ती बॅग भरत होती. निळी साडी घडी करून वर ठेवली होती.

"आत नाही आलीस ना?" मी म्हणाले. "असू दे. पुढच्या वर्षी बघू."

तिचे हात थांबले. "तृपे, मला पुढचं वर्ष नाहीये."

"हो की," मी म्हणाले, आणि मोबाईलवर उत्तरं ताडून बघायला बसले.

ती कधी निघून गेली, त्याकडे माझं लक्ष नव्हतं.

*

निकाल लागला. मी पास झाले होते, तेही चांगल्या गुणांनी. आईनं गावात पेढे वाटले. वैजूताईचा दोन शब्दांचा निरोप आला, 'अभिनंदन, तृपे.' मी त्यावर अंगठा पाठवला.

मुख्य परीक्षेसाठी डॉक्टर नवी चकती देणार होत्या, पण मध्ये थोडे दिवस मेंदूला विश्रांती हवी म्हणून जुनी काढायला सांगितली. नवी चकती एका डबीत घालून माझ्या हाती दिली. मी जुनी उचकटली. कानामागे एक गुळगुळीत पांढरा डाग राहिला होता.

पहिला दिवस काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं पातेलं घासायचं राहिलेलं बघितलं आणि मला रडू फुटलं. अहो, पातेल्यासाठी! ओट्याला धरून हुंदके देत होते. ते ओसरतंय तोवर सराव परीक्षेत चुकलेला एक प्रश्न आठवला आणि कान लाल झाले. मग रिक्षावाल्यावर उगाच खेकसले होते, ते. मग आईचा फोन. एकेक करून आईचे सगळे फोन आले, न उचललेले, नंतर करते म्हटलेले. तिला पेढ्यांच्या गडबडीत ताप होता, हे मला गावातल्या कुणाकडून तरी कळलं होतं; तिनं तो मला सांगितला नव्हता, कारण मी विचारलंच नव्हतं. मी तिला फोन लावला आणि नुसती रडले. ती घाबरली. "आगं, पास झालीस म्हणून कुणी रडतं व्हय?"

मी डॉक्टरांना गाठलं. पडद्यावर त्यांचा चेहरा उतरलेला दिसत होता. त्यांना असे फोन सगळीकडून येत होते.

"आमचा अंदाज चुकला," त्या म्हणाल्या. "आम्हाला वाटलं होतं झोपेत जिरेल. टोचणी जिरत नाही. ज्या पेशींनी ती पुढे पोचवायची, त्या तिला तशीच धरून बसतात, अर्धवट राहिलेल्या कामासारखी. वाट मोकळी झाली की सोडायला लागतात. लहान टोचण्या आधी येतात. मोठ्यांना वेळ लागतो."

"म्हणजे मोठं अजून यायचंय?"

"काही मोठं आहे का?"

रसाचा गाडा मला आठवत होता. निळी साडी आठवत होती. आठवत सगळं होतं, पण आत अजून शांत होतं, आणि त्या शांततेचीच मला धडकी भरली.

"नवी चकती लावलीस तर थांबेल," त्या म्हणाल्या. "मुख्य परीक्षा तोंडावर आहे तुझी. त्यानंतर सावकाश बघू."

"आणि त्यानंतर मुलाखत. मग ती झाल्यावर बघू?"

त्या समोरचे कागद चाळू लागल्या.

"बाई, रागावू नका," मी म्हणाले, "पण तुमची चकतीसुद्धा आमच्यासारखीच की! सोमवारपासून करू म्हणणारी."

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "माहीत आहे," त्या हळूच म्हणाल्या. "तू काय करणार आहेस?"

*

काय करणार होते? अभ्यास सोडून जे करता येतं ते सगळं केलं. पडदे धुतले. मिक्सर खोलून साफ केला. वैजूताईच्या गावाला जायचं हे ठरलेलं होतं, पण आज ऊन फार आहे, उद्या गाड्यांना गर्दी असेल, तिला आधी फोन करावा, फोनवर काय बोलणार. ती डबी टेबलावरून मला बघत होती. एकदा उघडलीसुद्धा. चकती बोटावर घेतली, केस बाजूला केले. लावली असती तर उठून सरळ अभ्यासाला बसले असते, एकदम मजेत. मग वाटलं, बाई गं, त्या दिवशीही तू मजेतच होतीस.

डबी मिटली. टेबलावर ठेवली आणि पर्स घेऊन बाहेर पडले.

वैजूताईचं गाव तासगावच्या पुढं. बेदाण्याचा हंगाम होता. एसटीतून उतरले तर सगळीकडे तोच आंबटगोड वास. तिच्या भावाचं घर रस्त्याच्या कडेलाच होतं आणि घरालगत बेदाण्याची शेड. मी या बाजूला, थांब्याच्या सावलीत उभी राहिले. पलीकडे शेडच्या दारात बायका बेदाणा निवडत बसल्या होत्या. त्यांच्यात पाठमोरी वैजूताई. तिची वेणी मी कुठूनही ओळखली असती.

आणि तेव्हा ते आलं.

कसं सांगू? तिचा तो अर्धा वर केलेला हात. ती मला बोलावत नव्हती. मी येणार हे तिनं धरूनच ठेवलं होतं, मी दिसले म्हणून तिनं हात वर केला होता. वर्षानुवर्षं मागे फिरलेली बाई त्या दिवशी एकटी तिथवर आली होती, कारण पुढचा रस्ता मी ओलांडून देणार होते. मला बघून तिला धीर आला असेल. आणि मग तिनं माझी पाठ बघितली असेल. वर मी तिला पुढच्या वर्षी बघू म्हणाले. बाप रे! मी असं म्हणाले?

रस्ता केवढा तो, दोन ढांगांचा. पाय हलेना. 'आज नको,' माझ्याच आवाजात आतून कुणीतरी म्हणालं. 'तिच्या घरचे असतील. पत्र लिहावं. परीक्षा झाली की येऊ, पेढे घेऊन येऊ.' परतीची एसटी वळणावर दिसत होती. मी पर्स काखेत घट्ट धरली.

शेडमधल्या एका बाईनं माझ्याकडे बोट दाखवलं. वैजूताई वळली.

तिनं मला बघितलं. मी हात वर करायला गेले तर तो अर्ध्यातच राहिला.

एसटी आली, थांबली, दार उघडलं. ड्रायव्हरनं माझ्याकडे बघून "येताय का बाई?" विचारलं. मी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, मलाच कळलं नाही. दार लागलं आणि गाडी पुढे गेली. समोरचा रस्ता मोकळा झाला तेव्हा वैजूताई रस्त्याच्या मध्यावर पोचली होती, पदराला हात पुसत, सरळ माझ्याकडे येत. ती समोर येऊन उभी राहिली. वाळली होती. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि मग हात वर केला. मला वाटलं, मारतेय. मारायला हवं होतं.

तिनं माझे केस बाजूला केले आणि कानामागे बोट फिरवून बघितलं.

"नाहीये," ती म्हणाली.

"नाहीये."

"त्या दिवशी बघितलंस ना मला?"

"बघितलं."

"मला वाटायचं, दिसलेच नसेन. इतके दिवस मी मनाला तेच सांगत होते." तिनं बोट मागे घेतलं. "बघून गेलीस होय?"

मला एवढंच म्हणता आलं, "वैजूताई, तेव्हा काहीच वाटलं नाही गं मला."

"आणि आता?"

तोंड उघडलं तर नुसता हंबरडाच बाहेर पडला, भर रस्त्यात. पलीकडच्या बायका निवडायच्या थांबून बघायला लागल्या. वैजूताईचेही डोळे भरले होते, पण तिनं मला जवळ घेतलं नाही, असू दे म्हणाली नाही, आणि ते बरोबरच होतं. ती माझं रडणं ओसरायची वाट बघत उभी राहिली. ते ओसरेना, तेव्हा तिनं माझा हात धरला. तिचा तळवा बेदाण्यानं चिकट झाला होता.

"चल," ती म्हणाली. "दोन्हीकडं बघ आधी. इथं ट्रक जोरात येतात."

आणि तिनं मला हाताला धरून रस्ता ओलांडून नेलं.